गेन उधळणारी माणसं

अमेरिकी पेटंट क्रमांक २१०२६७१. अर्ज दाखल झाला ८ ऑगस्ट १९२८ रोजी, मंजुरी मिळाली २१ डिसेंबर १९३७ रोजी. पन्नासहून अधिक पानांचा हा कागद आणि त्यात एकूण १२६ दावे. नऊ वर्षं तो अडकून पडला, कारण त्यात जे लिहिलं होतं ते पेटंट कार्यालयातल्या मंडळींच्या पचनी पडेना. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे सिग्नल मोठा करणारं सर्किट. आणि हे गृहस्थ सांगत होते की आधी सिग्नल लाखपट मोठा करणारं सर्किट बांधा, मग बाहेर पडलेल्या सिग्नलचा छोटा हिस्सा उलटा करून पुन्हा आत सोडा. असं केलं की लाखपटीची शंभरपट होईल. ती झाली की काम फत्ते! ब्रिटनच्या पेटंट कार्यालयाने हा अर्ज न थांबता फुकट चालणाऱ्या यंत्रांच्या अर्जांच्या पंगतीला बसवला होता.

अर्जदाराचं नाव हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक. जन्म १८९८चा, मॅसेच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावचा. एडिसन आणि मार्कोनी आपल्याकडे सातवीतल्या मुलालाही ठाऊक असतात. ब्लॅकचं नाव इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांनी ऐकलं असेल, शंकाच आहे. दवाखान्यातलं ईसीजीचं यंत्र, कानामागचं श्रवणयंत्र, गाण्याच्या बैठकीत तंबोऱ्यापुढे ठेवलेल्या माइकची ध्वनियंत्रणा, यांतलं काहीही त्याच्या त्या उलट्या तारेशिवाय धड चालायचं नाही.

कमावलेलं उधळून टाकायचं कुणाला सुचायचं, तर त्याआधी कमाईची चटक लागलेली असावी लागते. ती लागली १९०६पासून. त्या वर्षी ली डी फॉरेस्टने काचेच्या नळीत तापणारी तार आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये एक जाळी बसवली. जाळीवरचा व्होल्टेज जरासा हलला की पट्टीकडे जाणारा प्रवाह चांगलाच हलायचा. याला त्याने ऑडिऑन म्हटलं. हे का घडतं ते त्याला स्वतःला नीट कळलं नव्हतं. नळीत उरलेल्या वायूमुळे काम होतं अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात वायू जितका कमी, तितकी नळी सरस निघते. १९१३ साली शेअर विकताना लोकांना फसवल्याचा खटला त्याच्यावर चालला, तेव्हा सरकार पक्षाने या नळीला दिव्यासारखी दिसणारी, कवडीमोलाची वस्तू ठरवलं. त्याच वर्षी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने त्या कवडीमोल वस्तूचे टेलिफोनपुरते हक्क ५०,००० डॉलरला घेतले. खटल्यातून डी फॉरेस्ट सुटला.

कंपनीला नळी हवी होती, कारण आवाज तारेवरून जाता जाता विरून जात होता. १९११पर्यंत न्यूयॉर्कहून निघालेलं बोलणं कसंबसं डेन्व्हरपर्यंत पोहोचायचं, त्यापुढे नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या हॅरॉल्ड आर्नल्डने नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढली, तिचा भरवशाचा व्हॉल्व्ह केला, आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेला म्हातारा ग्रॅहॅम बेल सॅन फ्रान्सिस्कोत बसलेल्या आपल्या जुन्या मदतनिसाशी, वॉटसनशी, बोलला. पहिल्या टेलिफोनवर म्हटलेलं वाक्य बेलने पुन्हा म्हटलं: इकडे या. आता यायचं तर आठवडा लागेल, असं उत्तर आलं.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा झाला ते माप, त्या काळी सोन्याच्या भावाचा होता. व्हॉल्व्ह महाग, त्याचं आयुष्य कमी, आणि एका व्हॉल्व्हमधून मिळणारा गेन तुटपुंजा. तो वाढवण्याची सगळ्यांत झकास युक्ती सापडली कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला. १९१२ साली एडविन आर्मस्ट्राँगने व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेला सिग्नल परत त्याच्याच जाळीवर नेऊन सोडला, तोही सुलटा. मोठा झालेला सिग्नल पुन्हा मोठा, तो पुन्हा मोठा. एका व्हॉल्व्हचा आवाज इतका वाढला की समुद्रापलीकडची केंद्रं खोलीत ऐकू यायला लागली. आणि तार जास्त जोडली की व्हॉल्व्ह स्वतःच गायला लागायचा, कुणी काही न पाठवता.

हे गाणं ऐकायला प्रयोगशाळेत जायला नको. लग्नाच्या मांडवात साउंडवाला 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणत स्पीकरसमोर जातो आणि सगळ्या वऱ्हाडाच्या कानात कुईऽऽ अशी शिट्टी घुसते, ती हीच. स्पीकरमधला आवाज माइकात, माइकातला अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये. आर्मस्ट्राँगने त्या शिट्टीतून दोन यंत्रं काढली. शिट्टीच्या अलीकडे थांबलं तर भन्नाट रिसीव्हर, पलीकडे गेलं तर रेडिओचा ट्रान्समीटर.

पेटंटला पैसे द्यायला वडील तयार नव्हते, म्हणून त्याने ३१ जानेवारी १९१३ रोजी सर्किटच्या आकृतीवर नोटरीचा शिक्का तेवढा मारून घेतला. पुढे डी फॉरेस्टने दावा केला की ही युक्ती आधी मला सुचली होती. वीसेक वर्षं भांडण चाललं. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. ज्यांना सर्किट कळत होतं त्या इंजिनिअरांना तो चूक वाटला. आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने पूर्वी दिलेलं पदक परत करायला गेला, तर संस्थेने ते घ्यायला साफ नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाला इतक्या अदबीने कानफटात मारल्याची उदाहरणं फार नसतील. आर्मस्ट्राँगचं दुसरं मोठं अपत्य म्हणजे एफएम. तेही खटल्यांत अडकलं आणि ३१ जानेवारी १९५४च्या रात्री त्याने तेराव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून उडी घेतली. उरलेले खटले पत्नी मॅरियनने लढवले आणि जिंकलेही.

टेलिफोनवाल्यांचं दुखणं वेगळं होतं. एका तारेवर एकच संभाषण चालवणं परवडत नव्हतं. प्रत्येक संभाषण वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चढवायचं, सगळी एकत्र एकाच तारेत सोडायची आणि पलीकडे वेगळी करायची, अशी कॅरिअर पद्धत तेव्हा रुजत होती. पण ही सगळी संभाषणं वाटेत एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून जाणार. व्हॉल्व्ह लहान सिग्नल एका प्रमाणात वाढवतो, मोठा सिग्नल किंचित वेगळ्या प्रमाणात. त्या किंचित फरकाने फ्रिक्वेन्सी एकमेकींत मिसळतात आणि नसलेल्या नव्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. तिघांच्या बोलण्यातला चुरा चौथ्याच्या कानात जातो. एका अ‍ॅम्प्लिफायरने केलेली भेसळ खपून जाते, पण तशा शेकडोंमधून जाता जाता पलीकडे पोहोचतो तो नुसता गलका.

ब्लॅक १९२१मध्ये वूस्टर पॉलिटेक्निकमधून पदवी घेऊन न्यूयॉर्कच्या ४६३, वेस्ट स्ट्रीट इथे वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाला. पुढे तिथेच बेल लॅब्स झाली. सगळे जण व्हॉल्व्ह सुधारायच्या मागे होते, तोही लागला. दोन वर्षं हाताला काही लागलं नाही. मार्च १९२३मध्ये तो नामवंत विद्युत इंजिनिअर चार्ल्स स्टाइनमेट्झच्या व्याख्यानाला गेला. विषय काय होता तेही पुढे त्याला आठवेना, पण प्रश्नाच्या मुळाशी हात घालण्याची स्टाइनमेट्झची रीत मनात घर करून राहिली. घरी पोहोचायला रात्रीचे दोन वाजले. तिथेच त्याने आपला प्रश्न बदलून टाकला. व्हॉल्व्ह निर्दोष करायचा नाही. तो सदोष आहे हे धरून चालायचं आणि बाहेर आलेल्या सिग्नलमधून दोष तेवढा काढायचा.

आता दोष वेगळा कसा काढणार? आत गेलेला सिग्नल आपल्या हातात आहेच. बाहेर आलेला सिग्नल तेवढाच लहान करा आणि दोघांची वजाबाकी करा. उरेल तो निव्वळ दोष. तो दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने मोठा करा आणि बाहेरच्या सिग्नलमधून पुन्हा वजा करा. लगोलग प्रयोगशाळेत जुळणी केली आणि ती चालली. याला आज फीडफॉरवर्ड म्हणतात. अडचण एकच होती, वजाबाकी तंतोतंत हवी. व्हॉल्व्ह तापला, बॅटरी उतरली, की दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नसत. दर तासाला, रात्रंदिवस, कुणीतरी उठून फिलामेंटचा, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेचा, प्रवाह जुळवायचा आणि दर सहा तासांनी बॅटरीचा व्होल्टेज. अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक रिपीटरपाशी, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरपाशी, असा माणूस बसवणं शक्यच नव्हतं. युक्तीचं पेटंट झालं, पण ती कपाटात गेली.

मग आला मंगळवार, २ ऑगस्ट १९२७. ब्लॅक होबोकेनहून लॅकवाना फेरीबोटीने हडसन ओलांडून कामाला निघाला होता. मध्येच उत्तर सुचलं. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता आणि छपाईच्या गोंधळाने त्यातलं एक पान जवळपास कोरं सुटलं होतं. त्याच पानावर त्याने आकृती काढली, समीकरणं लिहिली, खाली सही केली आणि ऑफिसात पोहोचल्यावर सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

समीकरण दहावीच्या मुलाला झेपेल असं आहे. समजा अ‍ॅम्प्लिफायरचा गेन १,००,००० आहे आणि बाहेर आलेल्या सिग्नलचा शंभरावा हिस्सा आपण उलटा करून आत सोडतो. एकूण गेन उरतो ९९.९. आता व्हॉल्व्ह म्हातारा झाला आणि मूळ गेन निम्म्यावर, ५०,०००वर आला. एकूण गेन ९९.८. व्हॉल्व्हची अर्धी ताकद गेली आणि बाहेरच्याला फरक जाणवला हजारात एक! हे कसं, तर आता गेन किती हे व्हॉल्व्ह ठरवतच नाही. ठरवतात ते परतीच्या तारेवरचे दोन-तीन रेझिस्टर, आणि रेझिस्टर हा स्वस्त, थंड डोक्याचा, न बदलणारा प्राणी आहे. व्हॉल्व्हची लहर, त्याचं वय, त्याने केलेली भेसळ, सगळं त्याच प्रमाणात दबतं. १९२३च्या युक्तीत वजाबाकी माणसाला जुळवावी लागत होती, इथे सर्किट ती क्षणोक्षणी स्वतःच करतं. बाहेरचा सिग्नल असा परत आत सोडण्याला फीडबॅक म्हणतात. २९ डिसेंबर १९२७ला प्रयोगशाळेत मोजलं तर भेसळ एक लाखपटीने घटलेली होती.

फेरीबोट, कोरं पान, साक्षीदाराची सही. गोष्ट इतकी सुबक आहे की शंका यावी. ती सांगितली खुद्द ब्लॅकने, १९७७ साली, घटनेला पन्नास वर्षं झाल्यावर. एमआयटीतले इतिहासकार डेव्हिड मिंडेल यांनी तिच्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहिलं आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. एकट्या माणसाच्या डोक्यात वीज चमकली म्हणून काही हा शोध लागला नाही. ब्रिटनमध्ये पॉल व्हॉइटने १९२४मध्येच अशा तऱ्हेच्या सर्किटचं पेटंट मागितलं होतं. ब्लॅकचा अ‍ॅम्प्लिफायर व्यवहारात उतरला तो मागे टेलिफोनचं अवाढव्य जाळं, त्याची गरज आणि गणित येणारे शेजारी होते म्हणून.

गणित लागलं, कारण अ‍ॅम्प्लिफायर गायला लागले. सिग्नलला सर्किटमधून फिरून यायला थोडा वेळ लागतो. फ्रिक्वेन्सी वाढत गेली की तेवढ्याशा उशिरानेही उलटा सोडलेला सिग्नल सुलटा होऊन पोहोचतो. मग ब्लॅकच्या सर्किटातही आर्मस्ट्राँगची शिट्टी! ती केव्हा वाजेल आणि केव्हा नाही हे बेल लॅब्समधल्या हॅरी नाइक्विस्टने १९३२मध्ये एका वक्ररेषेवरून सांगितलं. हा स्वीडनमध्ये जन्मलेला, अबोल माणूस. त्यानंतर हेंड्रिक बोडीने वाढत्या फ्रिक्वेन्सीबरोबर गेन किती हळू उतरवला म्हणजे शिट्टी वाजणार नाही त्याचे नियम बसवले. म्हणजे गेन उधळायचा, तोही शिस्तीत.

ही शिस्त किती दूर गेली ते पाहायचं तर १९५६ची अटलांटिकखालची टेलिफोन केबल घ्या. स्कॉटलंडच्या ओबानपासून न्यूफाउंडलंडच्या क्लॅरनव्हिलपर्यंत जायला एक आणि यायला एक अशा दोन केबली, प्रत्येकीत ५१ रिपीटर, प्रत्येक रिपीटरमध्ये फीडबॅक लावलेला तीन व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. एकदा समुद्राच्या तळाशी गेल्यावर तिथे तासातासाला बटण फिरवायला जाणार कोण? ही केबल १९७८पर्यंत चालली.

मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धाने याच सर्किटला भलतं काम लावलं होतं. १९४०च्या वसंतात बेल लॅब्समधला तरुण इंजिनिअर डेव्हिड पार्किन्सन कागदावर आपोआप आलेख काढणाऱ्या एका यंत्रावर काम करत होता. त्याला स्वप्न पडलं. तो विमानविरोधी तोफेच्या खंदकात उभा आहे आणि तोफेचा प्रत्येक गोळा विमान पाडतो आहे. जवळ जाऊन पाहतो तर तोफेच्या कण्याला आपल्याच यंत्रातला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, बसवलेला! सकाळी त्याने वरिष्ठ क्लॅरन्स लव्हेलला हे सांगितलं. लव्हेल हसला नाही. त्यातून एम-९ हा तोफांचा नेम धरणारा विद्युत गणक घडला आणि १९४४मध्ये इंग्लंडवर येणारे जर्मनांचे व्ही-१ बाँब पाडायला कामी आला. त्यात बेरीज-वजाबाकी करत होते कार्ल स्वार्ट्झेलचे अ‍ॅम्प्लिफायर. परतीच्या तारेवर रेझिस्टर असेल तर सर्किट बेरीज करतं, कपॅसिटर असेल तर कलनगणितातलं इंटिग्रेशन करतं. १९४७मध्ये अशा सर्किटला ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर (थोडक्यात ऑप-अँप) हे नाव मिळालं, आणि १९५०नंतर बोस्टनच्या जॉर्ज फिलब्रिकने दोन व्हॉल्व्हचा के२-डब्ल्यू नावाचा तयार ठोकळा बाजारात आणला. सॉकेटमध्ये खोचा आणि गणित करा.

तो ठोकळा सिलिकॉनच्या चकतीवर उतरवला बॉब विडलरने, आणि त्याच्याविषयी थोडक्यात लिहिणं अवघड आहे. जन्म क्लीव्हलँडचा, १९३७चा. १९६३मध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमध्ये शिरला, तेव्हा चिपवर अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे सुट्या भागांचं सर्किट जसंच्या तसं सिलिकॉनवर छापायला बघत होते आणि आपटत होते. चिपवरचा रेझिस्टर हवा त्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे निघतो, मोठा कपॅसिटर मावत नाही. विडलरने सिलिकॉनचा स्वभाव ओळखला. शेजारी शेजारी घडवलेले, व्हॉल्व्हचं काम करणारे दोन ट्रान्झिस्टर दोघेही चुकलेले असले तरी एकसारखे चुकलेले असतात. मग सर्किट असं रचायचं की दोघांच्या चुका एकमेकींत फिटतील. १९६४मध्ये म्यूए७०२, १९६५मध्ये म्यूए७०९. ७०९ने बाजार जिंकला.

त्याच्या वागण्याच्या कथा इंजिनिअर लोक अजून चवीने सांगतात. बिघडलेला भाग तो हातोड्याने भुगा होईपर्यंत ठेचायचा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या सर्किटमध्ये शिरायला नको. या विधीला त्याचंच नाव पडलं. खोलीत कुणी मोठ्याने बोललं की त्याचा आवाज पकडून कर्कश सुरात परत फेकणारं एक खोकं त्याने बनवलं होतं. माणूस गप्प बसला की खोकंही गप्प. नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये गेल्यावर, खर्चात काटछाट म्हणून आवारातलं गवत कापणं बंद झालं, तेव्हा त्याने आपल्या उघड्या मर्सिडीजमधून एक मेंढी आणून चरायला सोडली. लोक हा किस्सा बकरी म्हणून सांगतात. त्याचा सहकारी बॉब पीझ मात्र ती मेंढीच होती असं बजावत राहिला. तेहेतिशीच्या सुमारास विडलरने नोकरी सोडली आणि मेक्सिकोतल्या प्वेर्तो व्हायार्टाला जाऊन राहिला. अधूनमधून कंपनीसाठी सर्किटं करून देई. १९९१मध्ये तिथेच, वयाच्या ५३व्या वर्षी गेला.

७०९ला एक खोड होती. तो गायचा. शिट्टी थांबवायला बाहेरून कपॅसिटर-रेझिस्टर जोडावे लागत आणि नवशिक्याला ते जमत नसे. १९६८मध्ये फेअरचाइल्डमधल्याच डेव्ह फुलागरने ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर थेट चिपच्या आत बसवला. हा म्यूए७४१. कपॅसिटर चिपवर कितीतरी ट्रान्झिस्टरांची जागा खातो, पण शिट्टीची कटकट संपली. त्याची किंमतही ऐका: ७४१चा गेन सुमारे दोन लाख असतो, पण तो सेकंदाला पाचेक कंपनांनंतरच उतरणीला लागतो. माणसाच्या कानाला ऐकू यायला सुरुवात होते वीसपासून. म्हणजे ऐकू येणारा पहिला सूर लागायच्या आत हा अ‍ॅम्प्लिफायर आपली कमाई उधळायला बसलेला असतो.

आणि तोच सगळीकडे पोहोचला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरवर नुसतं 'सेव्हन फोर्टी वन द्या' म्हटलं की आठ पायांचा काळा किडा कटिंग चहाच्या भावात कागदात गुंडाळून मिळतो. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या कितीतरी पिढ्यांनी रमाकांत गायकवाडांच्या ऑप-अँपवरच्या पुस्तकातून त्याचे पाय पाठ केले. पाय दोन उलटा, पाय तीन सुलटा, पाय सहा बाहेर. प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डवर दोन आणि सहा यांच्यामध्ये रेझिस्टर खोचायचा, जर्नलमध्ये आलेख काढायचा आणि व्हायव्हात 'फीडबॅकने गेन कमी होतो' हे वाक्य म्हणून सुटायचं. कमी का करायचा, हा प्रश्न बहुतेक व्हायव्हांत येत नाही. खरं तर तो पहिला यायला हवा. त्या दोन पायांमधला रेझिस्टर म्हणजेच फेरीबोटीवरचं समीकरण.

राहता राहिली ब्लॅकची पहिली, १९२३ची युक्ती. फीडबॅकला एक मर्यादा आहे: सिग्नल फिरून यायला लागणारा वेळ. मोबाइलच्या टॉवरमधला ट्रान्समीटर सेकंदाला अब्जाच्या घरातली कंपनं हाताळतो. तिथे परतीच्या तारेवरून बातमी येईपर्यंत उशीर झालेला असतो. आणि दुखणं मात्र जुनंच आहे: अनेक संभाषणं, एक अ‍ॅम्प्लिफायर, एकमेकींत मिसळणाऱ्या फ्रिक्वेन्सी. १९९०च्या दशकात मोबाइलचं जाळं पसरत असताना इंजिनिअरांनी फीडफॉरवर्ड कपाटातून बाहेर काढलं. तेच लहान करणं, वजा करून दोष काढणं, तो मोठा करून पुन्हा वजा करणं. दर तासाला जुळवणी करणाऱ्या माणसाच्या जागी आता एक नियंत्रक सर्किट होतं, जे उरलेली भेसळ मोजून दोन्ही बाजू अखंड जुळवत राही. पुढच्या दशकात प्रोसेसर स्वस्त झाले आणि अ‍ॅम्प्लिफायर कुठे किती चुकणार याचा आधीच हिशेब करून त्याला उलट्या दिशेने बिघडवलेला सिग्नल देण्याची डिजिटल पद्धत आली. तिने फीडफॉरवर्डला बऱ्याच टॉवरांतून पुन्हा बाहेर काढलं. ब्लॅक १९८३मध्ये गेला होता, त्यामुळे आपल्या नापास युक्तीची ही परतफेरी त्याला पाहायला मिळाली नाही.